बेळगावहून मुओनिओला: मोसमातल्या पहिल्या शर्यती

नोव्हेंबरमध्ये उत्तर फिनलंडमधल्या मुओनिओला जाऊन क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या मोसमातल्या पहिल्या शर्यती करून आले. परत आल्यापासून इथल्या चाकांच्या स्केटिंगच्या रिंकवरच्या पोरांचे आईवडील भेटले की हेच विचारतात: बेळगावात बर्फ नाही, मग सराव कसा केलास? कागद काय काय लागले? खर्च किती आला? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा क्रमानं लिहून ठेवते. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत असं काही मिळालं नव्हतं, आणि इंग्रजीत जे मिळालं ते ज्यांच्या दारात बर्फ पडतो त्यांनी लिहिलेलं होतं.

आधी थोडक्यात खेळ. क्रॉस-कंट्रीमध्ये चढ, सपाट, उतार सगळं आपल्याच पायांनी आणि हातातल्या दोन पोलनी, म्हणजे काठ्यांनी, कापायचं असतं. क्लासिक पद्धतीत बर्फात आखलेल्या दोन चाकोऱ्यांतून सरळ पाय टाकत जायचं. फ्रीस्टाइलमध्ये स्केटिंग करतो तसं तिरकं ढकलत जायचं. चाकांच्या स्केट्सवर वाढलेल्या बेळगावच्या पोरांना ही दुसरी पद्धत लवकर जमते. आमच्या शेजारचे सुभेदार काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. नोकरीत असताना त्यांनी गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्स केला होता. रिंकवर माझं स्केटिंग बघून "नॉर्डिक करून बघ की गे," असं पहिल्यांदा म्हणाले ते तेच. नॉर्डिक म्हणजे हाच क्रॉस-कंट्रीचा प्रकार. कर्नाटकातून हे होऊ शकतं हे कोडगूच्या भवानी तेक्कडा यांनी दाखवून दिलं होतंच. खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये त्यांनी राज्याला नॉर्डिकची सुवर्णपदकं मिळवून दिली आहेत.

आता एवढ्या लांब का गेले ते सांगते. आपल्याकडे गुलमर्गला शर्यती होतात त्या फेब्रुवारीत, आणि त्याही बर्फ पडला तर. २०२५ च्या खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता. पुरेसा बर्फच नव्हता, म्हणून पुढं ढकलून ९ ते १२ मार्चला घेतला. वर्षभर डांबरी रस्त्यावर केलेल्या मेहनतीचा हिशोब असा एका आठवड्यावर येऊन ठेपतो. त्या आठवड्यात काही कमी पडलं तर ते भरून काढायला पुढं मोसमच उरत नाही. मोसमाच्या तोंडाला शर्यत केली तर निदान दोन-तीन महिने हातात राहतात. मुओनिओजवळच्या ओलोस टेकडीवर गेल्या हिवाळ्यातला बर्फ उन्हाळाभर झाकून साठवतात आणि ऑक्टोबरमध्येच पसरून ट्रॅक तयार करतात. नोव्हेंबरमध्ये तिथं आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे एफआयएसच्या शर्यती होतात. उत्तरेकडचे कितीतरी खेळाडू त्यांवरच मोसम उघडतात.

कागदांना जूनच्या पहिल्या आठवड्यात हात घातला. पहिली पायरी राज्य संघटनेची नोंदणी, त्यासाठी रहिवासी दाखला. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला घेऊन नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात, गेले. अर्ज कन्नडमध्ये भरला. मला कन्नड बोलता येतं, लिहिताना मात्र अडखळते. खिडकीतल्या बाईंनी आडनाव आणि वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते बोट ठेवून दाखवलं. हे बारीक दिसतं, पण पासपोर्टवर नावाचा जो क्रम आहे तोच सगळीकडं ठेवा. पुढं प्रत्येक टेबलावर तो तपासतात. दाखल्यावरचा आरडी नंबर लिहून ठेवा, त्यावरून ऑनलाइन पडताळणी होते. माझा दाखला कन्नडमधून मिळाला, म्हणून कोर्टाच्या आवारात नोटरीकडून इंग्रजी भाषांतर करून घेतलं. आपल्या शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदांवर बदललं, त्यामुळं जुन्या कागदांवर बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी येतं. व्हिसाच्या फॉर्ममध्ये जन्मगाव पासपोर्टवर छापलंय तसंच लिहायचं.

दुसरी पायरी एफआयएसचा कोड, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक. खेळाडूला स्वतःहून या शर्यतीत नाव घालता येत नाही, राष्ट्रीय महासंघामार्फतच प्रवेश जातो. लागलं ते असं: पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचा फिटनेस दाखला, फोटो, राज्य संघटनेचं पत्र आणि एफआयएसच्या खेळाडू-घोषणापत्रावर सही. मेल गेली, उत्तर नाही. पुन्हा मेल, मग फोन. जुलै सगळा यातच गेला. रोज संध्याकाळी मेल उघडून बघायची आणि आईला "नाही आलं" सांगायचं, हा त्या दिवसांतला सगळ्यात जड भाग होता. सराव अंगाला लागतो तरी, वाट बघण्याचं तसं काही नसतं. कोड ऑगस्टच्या मध्यावर आला. म्हणून सांगते, नोव्हेंबरची शर्यत असेल तर जूनच्या पुढं थांबू नका.

व्हिसा शेंगेन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. मोठ्यांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. आयोजकांचं निमंत्रणपत्र, महासंघाचं पत्र, कॉलेजचं रजेचं पत्र, खर्च अप्पा करणार म्हणून त्यांचं प्रतिज्ञापत्र, त्यांची आयकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट. अपॉइंटमेंट सप्टेंबरअखेरची मिळाली. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी बेंगळुरूला उतरले आणि खिडकीवर कळलं की स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का लागतो. आमच्या शाखेनं फक्त शेवटच्या पानावर मारला होता. त्याच बँकेच्या बेंगळुरूच्या शाखेत रांग लावून, विनवणी करून शिक्के घेतले आणि केंद्र बंद व्हायच्या आत परत आले. गाव सोडण्यापूर्वी एकेक पान उलटून बघा. बोटांचे ठसे दिले, घरी आले. पासपोर्ट ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुरिअरनं आला. आईनं पाकीट आधी देवापुढं ठेवलं, मग मला उघडायला दिलं.

आता सराव. रोलर स्की म्हणजे साधारण हातभराहून लांब दांड्याला पुढंमागं एकेक चाक. ब्रेक बहुतेकांना नसतो. पहाटे कॅम्पातले रस्ते मोकळे असतात तेव्हा सपाटीचा सराव आणि आठवड्यातून दोनदा येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ. चढून वर गेले की स्की काढायच्या आणि भावाच्या स्कूटरवर मागं बसून खाली यायचं. हा नियम सुभेदार काकांनी घालून दिला आणि मी तो कधी मोडला नाही. आपल्या रस्त्यांवर समोरून काय येईल सांगता येत नाही. हेल्मेट, हातमोजे, अंगात भडक रंगाचं जाकीट आणि मागं स्कूटरवर कुणीतरी माणूस, एवढं नसेल तर रोलर स्की बाहेर काढू नये असं माझं ठाम मत आहे. ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे रस्ते सोडून द्यायचे.

पोलच्या टोकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. डांबरावर कार्बाइडचं टोक लागतं. ते बोथट झालं की पोल रोवला जात नाही, मागं घसरतो, आणि सगळा झटका खांद्यात येतो. इथं नवीन टोक दुकानात मिळत नाही, बाहेरून मागवायचं तर महिना जातो. अप्पा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत. साध्या ग्राइंडिंगच्या चाकाला कार्बाइड दाद देत नाही, म्हणून ते कामावरच्या डायमंड व्हीलवर धार लावून आणायचे. धार लावताना दर दोन-चार सेकंदांनी टोक पाण्यात बुडवायचं. नाहीतर आतला गरम करून चिकटवलेला गोंद सुटतो आणि टोक पोलमधून निघून येतं. अप्पा चष्मा कपाळावर सरकवून, टोक डोळ्याजवळ धरून, नखावर टेकवून बघायचे. नखावर न घसरता अडकलं की धार बरोबर. ही खूण लक्षात ठेवा, घरीसुद्धा तपासता येते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघाले. दिल्ली, हेलसिंकी, तिथून कित्तिला विमानतळ, आणि पुढं गाडीनं मुओनिओ. स्कीची बॅग माणसापेक्षा लांब असते. तिकीट काढतानाच ती खेळाचं सामान म्हणून नोंदवून ठेवा, विमानतळावर तिचे पैसे कितीतरी जास्त होतात. खाण्याचं आणखी एक. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध-मांसाचे पदार्थ स्वतःबरोबर नेता येत नाहीत. त्यामुळं आजीनं हौसेनं आणलेला कुंदा घरीच राहिला, तुपातले लाडूसुद्धा. मेतकूट, पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग नेलं. शर्यतीच्या सकाळी गरम भातावर मेतकूट पोटाला फार बरं पडलं.

मुओनिओ नदीकाठी आहे आणि नदीपलीकडं स्वीडन. माणसं पूल ओलांडून सहज ये-जा करतात. सीमाभागात वाढलेल्या मला ते बघत उभं राहावंसं वाटलं. सूर्य दुपारी पावणेतीनच्या आसपास मावळायचा. पहिल्या दिवशी उणे अकरा होतं. त्या थंडीत जोरात श्वास घेतला की छातीत ओरखडे उठल्यासारखं होतं आणि शर्यतीनंतर तासभर खोकला राहतो. तोंडावर कापडी नळी ओढून निदान अर्धा तास हळू वॉर्मअप केला की त्रास कमी होतो. सगळ्यात थंड जागी उणे वीसच्या खाली गेलं तर शर्यत घेत नाहीत, हा नियम वाचला होता. तो का आहे हे तिथं छातीला कळलं.

आदल्या संध्याकाळी संघप्रमुखांची बैठक असते. तिथं ट्रॅकचा नकाशा, हवामान आणि सुटण्याचा क्रम सांगतात. एकटं गेलं की आपणच आपले संघप्रमुख. मी शेवटच्या रांगेत वही घेऊन बसले. शेजारी मोठमोठ्या संघांचे प्रशिक्षक होते. घशाला कोरड पडली होती, पण एकानं स्वतःहून नकाशा माझ्याकडं सरकवला आणि कुठल्या वळणावर बर्फ घासला जातो ते पेन्सिलीनं दाखवलं. प्रश्न विचारायला लाजू नका, तिथली माणसं कमी बोलतात पण विचारलं की नीट सांगतात.

आधी क्लासिक स्प्रिंट. पात्रता फेरीत एकेक खेळाडू पंधरा सेकंदांनी सोडतात आणि पहिले तीस पुढच्या फेऱ्यांत जातात. क्लासिकमध्ये स्कीच्या मधल्या भागाला पकडीचं वॅक्स लावतात. पाय दाबला की ते बर्फाला धरतं आणि पाय सुटला की स्की घसरते. साठवलेला बर्फ जुना, रव्यासारखा दाणेदार, वॅक्स खरवडून काढणारा. तापमान बघून डबीवरचा रंग निवडला की झालं असं मला वाटायचं, पण त्यात बर्फाचं वय तापमानाइतकंच मोजावं लागतं. वॅक्सच्या खोलीतल्या, स्की तयार करून देणाऱ्या एका वयस्क सर्व्हिसमननं आधी टिकाऊ चिकट थर इस्त्रीनं बसवायला लावला. तो बाहेर थंड होऊ दिला, मग वरून नेहमीच्या वॅक्सचे पातळ थर, प्रत्येक थर कॉर्कनं गुळगुळीत होईपर्यंत घासून. एक जाड थर चालत नाही. फ्लोरीनचं वॅक्स एफआयएसच्या शर्यतींत २०२३-२४ च्या मोसमापासून बंद आहे. जुन्या डब्या कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, स्कीवर अंश सापडला तरी बाद करतात.

पहिल्या तिसांत मी नव्हते, बऱ्याच मागं होते. पण पकड शेवटपर्यंत राहिली.

मग दहा किलोमीटर फ्रीस्टाइल, तीस सेकंदांच्या अंतरानं. दोन्ही घोट्यांना वेळ मोजणारी चिप बांधतात. माझा क्रम शेवटाकडचा होता. सुटताना मागं फारसं कुणी नव्हतं आणि दुसऱ्या फेरीत मागून सुटलेल्याही पुढं निघून गेल्या. जंगलात दिव्यांच्या उजेडात एकटी जात होते. भीती नव्हती, पण फार एकटं वाटलं हे खरं. एका चढावर ट्रॅक सांभाळणारी बाई प्रत्येक फेरीला फावडं खाली ठेवून टाळ्या वाजवायची. तिच्यामुळं त्या चढाला पाय ओढले गेले नाहीत.

गुणांचं गणित इथंच सांगते. एफआयएसमध्ये गुण जितके कमी तितकं चांगलं. अशा एकेकट्यानं सुटण्याच्या शर्यतीत तुमची वेळ भागिले पहिलीची वेळ, गुणिले ८००, त्यातून ८०० वजा. समजा पहिली २५ मिनिटांत आली आणि तुम्ही ३५ मिनिटांत, तर ३२० गुण. त्यावर शर्यतीतल्या खेळाडूंच्या दर्जाप्रमाणे पेनल्टीचे गुण चढतात. म्हणजे आपला नंबर कितवा यापेक्षा पहिलीपासून आपण किती टक्के लांब आहोत हे महत्त्वाचं. शेवटच्या पानावर नाव असलं तरी पुढच्या शर्यतीत ती टक्केवारी खाली आली का हे बघता येतं. मला हे कळलं तेव्हा निकालाच्या कागदाकडं बघायची धास्ती गेली.

खरी कमाई शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी झाली. माझ्याच खोलीत राहणाऱ्या एका मुलीनं माझा मोठ्या चढाचा व्हिडिओ काढला होता, आणि त्याच जागी पहिल्या दहांतल्या दोघींचाही. घड्याळातल्या नोंदी आणि व्हिडिओ घेऊन आम्ही फेरीचे तुकडे पाडले. मला वाटत होतं, चढावर मी मागं पडते. तसं नव्हतं. राजहंसगडानं चढ चांगला घोटून घेतला होता, तिथं टक्केवारीत मी सगळ्यात जवळ होते. वेळ जात होता माथ्यावर. चढ संपला की मी दोन-तीन लांब श्वास घ्यायची. त्या दोघी माथ्यावर उलट आणखी चार-पाच जोरदार पावलं टाकून वेग घ्यायच्या आणि तो वेग पुढच्या सपाटीवर फुकट वापरायच्या. बेळगावात चढ संपला की स्की काढून स्कूटरवर बसायचं, त्यामुळं माथ्याच्या पुढचं माझं शरीर शिकलंच नव्हतं. एवढ्या एका जागी फेरीला कितीतरी सेकंद.

दुसरी जागा सपाटी. रोलर स्कीचं चाक रुंद, ते आपल्याला उभं धरून ठेवतं. बर्फावरची स्की धरत नाही. एका पायावर पूर्ण वजन टाकून लांब घसरत जायला घोट्याचा तोल लागतो. माझं प्रत्येक पाऊल त्यांच्यापेक्षा आखूड पडत होतं. आणि उतारावरच्या वळणांत, जिथं मला सगळ्यात जास्त धाकधूक होती, तिथं मी कुणालाच काही देत नव्हते. रिंकवर वळणात पायावरून पाय टाकायची सवय तिथं कामी आली.

उरलेले दिवस मग याच दोन गोष्टींवर घातले. सकाळी पोल बाजूला ठेवून नुसत्या पायांवर सपाटीच्या फेऱ्या. दुपारी एकच चढ, पण मोजणी पायथ्यापासून माथ्यापुढच्या तिसऱ्या खांबापर्यंत. निघण्याआधी त्याच फेरीवर घड्याळ लावून गेले तेव्हा माथ्याचा तुकडा आधीपेक्षा स्पष्टपणे लवकर पार झाला. सपाटीला अजून वेळ लागेल, तोल महिन्यांनी येतो.

खर्च विचारतात म्हणून सांगते. विमान, राहणं, व्हिसा, विमा, स्कीची तयारी, प्रवेशफी सगळं धरून अडीच लाखांच्या पुढं गेलं. राहण्याची खोली तिघींत वाटून घेतली नसती तर आणखी वाढलं असतं. अप्पांनी पतसंस्थेतून एक लाख उचलले, दोन जामीनदार लागले, त्यातले एक सुभेदार काका. काही रक्कम गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळानं दिली, बाकीची माझी, लहान मुलांना स्केटिंग शिकवून साठवलेली. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. पावत्या सगळ्या जपून ठेवा, पुढच्या वेळी मदत मागताना आकडा दाखवता येतो.

आता गुलमर्गची तयारी. राजहंसगडाचा चढ तसाच आहे, पण वर पोचल्यावर थांबायचं नाही. माथ्यावर जेवढी सपाट जागा आहे तेवढी पूर्ण वेगानं संपवायची, मगच स्कूटर. भाऊ वर उभा राहून वेळ टिपतो. सपाटीसाठी कॅम्पात पोल न घेता एकेका पायावर. वहीत तारीख, हवा, झोप, नाडी आणि प्रत्येक तुकड्याचे सेकंद.

ज्यांना रोलर स्की घालून बघायची आहे त्यांनी रविवारी पहाटे सहाला या. एक जुना जोड माझ्याकडं आहे, बूट ३८ ते ४१ मापाचे. हेल्मेट आणि हातमोजे स्वतःचे आणा, आणि सोळाच्या आतल्या मुलांबरोबर घरातलं मोठं माणूस हवं.